पत्र्यावरचा पाऊस आणि आषाढीचा अभंग

वाचकाचं पत्र

मी ३१ वर्षांची आहे. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते, रोजचं काम पायथनमध्ये कोड लिहायचं. पेटी लहानपणापासून वाजवते. गाण्याच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या, मग कॉलेजात ते सुटलं. आता संगणकावर संगीत करावंसं वाटतं. भाऊ म्हणतो, एफएल स्टुडिओ घे, तयार तुकडे रचून महिन्यात गाणं उभं राहील. ऑफिसातला मित्र म्हणतो, तुला कोड येतो तर कोड लिहून आवाज घडवायचं सीसाउंड नाहीतर सुपरकोलायडर शीक. तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे) ओढून बसवणं म्हणजे संगीत नव्हे, आवाज स्वतः घडवावा. दोन्ही करून पाहिलं. एफएल स्टुडिओत तासाभरात छान वाजलं, पण त्यात माझं काही नव्हतं. सुपरकोलायडरमध्ये अख्खी संध्याकाळ घालवून एक ‘पीऽऽ’ निघाला.

आईच्या भजनी मंडळासाठी एका अभंगाला चाल लावली आहे. आषाढीपर्यंत तिचं नीट रेकॉर्डिंग करायचं आहे.

आणि अजून एक आहे. सांगलीजवळ आमच्या घराच्या पडवीवर पत्रा आहे. पाऊस सुरू होतो तेव्हा आधी एक थेंब इथे, एक तिथे, मोजता येतील असे. मग ते दाट होत जातात आणि एका क्षणी मोजणं सुटतं, सगळा मिळून एकच आवाज होतो. लहानपणी मी पडवीत पडून त्यात ठेका शोधायचे आणि तो सापडायचाच. पाऊस ठेक्यात पडत नसतो हे कळतं, पण कानाला ते पटत नाही. मला असा तुकडा करायचा आहे ज्यात पाऊस हळूहळू, कुठे बदललं ते न कळता, भजनी ठेका होतो, थोडा वेळ तसाच राहतो आणि परत पाऊस होतो. उतारावर पडलेला थेंब वेगळा वाजतो, खिळ्याजवळचा वेगळा, हेही त्यात यायला हवं. हे कशात होतं ते मला माहीत नाही.

आठवड्यात तीन संध्याकाळी आणि रविवारची सकाळ मोकळी असते. लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅमचा. काय शिकू? एक १८ हजारांचा ऑनलाइन कोर्स दिसतो आहे, तो घ्यावा का?

— एक वाचक, पुणे

उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्रात अभंगाला दोन वाक्यं मिळाली आहेत आणि पावसाला एक आख्खा परिच्छेद. काय शिकू या प्रश्नाचं अर्धंअधिक उत्तर मला तिथेच मिळालं. उरलेलं अर्धं आषाढीच्या तारखेत आहे. तेव्हा आधी सरळ सांगते: आषाढीपर्यंत सिक्वेन्सर, म्हणजे रेकॉर्डिंग आणि स्वर वेळेच्या पट्टीवर मांडणारं सॉफ्टवेअर, आणि त्यातही एफएल स्टुडिओ नव्हे, रीपर. अभंग मंडळाच्या हाती पडला की पावसासाठी सुपरकोलायडर. दोन्ही एकाच वेळी नको. आता असं का, ते सविस्तर लिहिते, कारण तुमचा भाऊ आणि तुमचा मित्र दोघंही तुम्हाला अर्धवट सांगत आहेत.

मित्राचं म्हणणं आधी घेऊ, कारण त्याने तुमच्या मनात अपराधी भावना पेरली आहे आणि ती काढून टाकायला हवी. आवाज स्वतः घडवला तरच ते संगीत, हे खरं नाही. १९५७ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ या संगणकावर असा प्रोग्राम चालवला की ज्यातून १७ सेकंदांचं संगीत निघालं. त्या घराण्यातल्या प्रोग्रामांनी पुढे कामाचे दोन भाग पाडले: वाद्य कसं आहे ते एकीकडे लिहायचं आणि ते कधी काय वाजवणार ते दुसरीकडे. १९८० च्या दशकाच्या मध्यात एमआयटीत बॅरी व्हर्को यांनी लिहिलेल्या सीसाउंडमध्ये हे दोन भाग आजही आहेत, ‘ऑर्केस्ट्रा’ आणि ‘स्कोअर’ या नावांनी. म्हणजे तुमचा मित्र ज्या सीसाउंडचं नाव घेतो त्याच्या पोटातच एक सिक्वेन्सर बसलेला आहे. आणि उलट बाजूने पाहा. स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग १९६७ साली व्हायब्रेटोचा, म्हणजे सुराला दिलेल्या कंपाचा, वेग वाढवत वाढवत कानाला तो कंप वाटणं बंद होईल इथपर्यंत गेले, आणि त्यातून एफएम संश्लेषण, म्हणजे एका लहरीने दुसरी हलवून नवा आवाज घडवण्याची पद्धत, सापडलं. ते यामाहाने घेतलं, १९८३ साली त्याचा डीएक्स७ हा सिंथ (कृत्रिम आवाज घडवणारं कळफलकाचं वाद्य) झाला, आणि आज एफएलमध्ये किंवा इतर कुठल्याही सिक्वेन्सरमध्ये घंटेसारखा किंवा इलेक्ट्रिक पियानोसारखा जो आवाज तुम्ही यादीतून निवडता त्यामागे पुष्कळदा हेच काम असतं. त्यामुळे एक बाजू शुद्ध आणि दुसरी आयती असं काही नाही. प्रश्न इतकाच की कामातला कुठला निर्णय तुम्हाला स्वतःच्या हाती ठेवायचा आहे.

एफएल स्टुडिओत वाजलेलं तुम्हाला तुमचं वाटलं नाही, याचं कारणही हेच. त्या तासाभरात कुठलाच निर्णय तुम्ही घेतला नव्हता. लूप दुसऱ्याचा, त्याचा ठेका दुसऱ्याचा, आवाजही दुसऱ्याचा. त्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. त्याच एफएलमध्ये आपली चाल गाऊन भरली असती तर ती तुमचीच वाटली असती.

आता अभंग. त्यातले निर्णय तुम्ही आधीच घेतले आहेत: चाल तुमची, शब्द संतांचे, ठेका भजनी, गाणारा गळा तुमचा किंवा आईचा. उरलंय ते नीट टिपणं आणि नीट जुळवणं. कोड लिहून इथे काहीही जास्त चांगलं होणार नाही. म्हणून रीपर. साठ दिवस तो पूर्ण क्षमतेने, काहीही न भरता वापरून पाहता येतो, त्यानंतर वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरला आहे. ८ जीबीच्या लॅपटॉपवर तो आरामात चालतो. आणि गळा, पेटी, टाळ अशी खरी रेकॉर्डिंग घेऊन काम करणाऱ्याला तो एफएलपेक्षा सरळ पडतो. एफएलची मांडणी ठेक्याचे तुकडे रचण्याभोवती उभी राहिली आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवा: गाणं आणि पेटी मिडीने करायची नाही, माइकने रेकॉर्ड करायची. मिडी हा १९८३ सालचा करार आहे, कळफलकाच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून झालेला. त्याला स्वर म्हणजे ० ते १२७ मधला एक आकडा, तो कधी दाबला, किती जोरात दाबला आणि कधी सोडला. दोन स्वरांच्या मध्ये जे घडतं त्यासाठी पिच बेंडची सोय आहे, पण ती बहुतेक ठिकाणी मुळात वर-खाली दोन-दोन अर्ध्या स्वरांपुरतीच लावलेली असते. ती सप्तकभर वाढवता येते. पण अभंगातली साधी मींड त्या चाकावर वाजवण्यापेक्षा गळ्याने घेणं सोपंही आहे आणि सुंदरही. तुम्ही गायला शिकलेल्या आहात, ते वापरा.

रेकॉर्डिंगचा क्रम असा ठेवा. आधी तंबोरा, तुमच्या पट्टीत, सलग दहा मिनिटं. तो हेडफोनमध्ये लावून पेटी आणि कच्चं गाणं एकत्र, एका दमात घ्या. मग त्यावर टाळ आणि मृदंग. शेवटी गाणं पुन्हा, पक्कं. मंडळातल्या बायकांचं मागचं गाणं सांगलीला जाऊन, एका माइकभोवती सगळ्यांना उभं करून, एकत्रच घ्या. एकेकीला वेगळं गायला लावू नका. घाबरतात, आणि एकत्र गाताना आवाजाला जो भरीवपणा येतो तो नंतर मिक्सिंगमध्ये आणता येत नाही. पंखा बंद, फ्रीज बंद. माइक संगणकाला जोडणारा छोटा ऑडिओ इंटरफेस घ्याल तेव्हा त्यावर डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय आहे ना ते बघून घ्या, म्हणजे स्वतःचा आवाज संगणकात फिरून उशिरा कानात येणार नाही. ती नसेल तर रीपरमध्ये बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, २५६ वर आणा; ४८,००० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाची इतकी मोजमापं) तो साधारण ५ मिलिसेकंदांचा होतो. येता-जाता मिळून उशीर याहून थोडा जास्त होतो, पण गाताना तो बोचत नाही. विंडोजवर यासाठी इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (उशीर कमी ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकावा लागतो.

मेट्रोनोमची टकटक लावू नका. संगणकावरचं संगीत शिकवणारे बहुतेक जण उलट सांगतील: आधी टेम्पो ठरवा, मग ग्रिडवर, म्हणजे मात्रांच्या समान आखणीवर, सगळं बसवा. त्यांच्या कामासाठी ते बरोबर असेल. पण भजनाची लय शेवटाकडे चढते, आणि ती चढण मंडळाने एकमेकांकडे बघत ठरवलेली असते. ती सरळ रेषेवर आणली की म्हणणाऱ्यांना आपलंच भजन परकं वाटतं. टाळाला लय सांभाळू द्या. रीपरमध्ये नंतर लागलाच तर टेम्पोचा नकाशा रेकॉर्डिंगवर बेतता येतो. रेकॉर्डिंगला नकाशावर बेतू नका.

मागे इतर सूर भरायचा मोह तुम्हाला होईल, व्हायलाही हवा. एकच सावधगिरी. तुमचा अभंग शुद्ध गंधाराचा असेल तर सिंथचा किंवा व्हायोलिनच्या ताफ्याचा गंधार आवर्तनभर धरून ठेवू नका. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर कळफलकाचा गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार ३८६ वर. चौदा सेंटांचा हा फरक पेटीच्या पळत्या स्वरांत चालून जातो, तिच्याबरोबर आपण सगळे वाढलोय. पण लांब धरलेल्या सुरात तो तंबोऱ्याला घासतो, आणि ऐकणाऱ्याला कारण न कळता काहीतरी खुपत राहतं. पंचमाचं तसं नाही, तिथे फरक फक्त दोन सेंटांचा. म्हणून मागे षड्ज-पंचम भरपूर धरा, गंधार गळ्यावर सोडा. तंबोरा शक्यतो खरा रेकॉर्ड करा. तुमचं गाव सांगलीजवळ, म्हणजे मिरज जवळच. तिथल्या कारागिरांच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिथे चांगली जवारी (घोडीवरून तारेला येणारी झणक) असलेला तंबोरा ज्याच्याकडे आहे असा कुणीतरी तुमच्या गुरुजींच्या ओळखीचा निघेलच. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग पुढची अनेक वर्षं पुरेल.

तुम्ही विचारलेलं नाही, पण कोड येणाऱ्या माणसाला हा विचार येतोच, म्हणून लिहिते: तंबोरा कोडमध्ये बनवू का? पहिल्या वर्षी नको. छेडलेल्या तारेचं एक सोपं गणित १९८३ पासून उपलब्ध आहे, केविन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांचं. सुपरकोलायडरमध्ये ते ‘प्लक’ या नावाने तयारच मिळतं. पण त्यातून येते ती साधी तार. तंबोऱ्याच्या रुंद, किंचित गोलसर घोडीवर तार घासत सुटते आणि तिचे वरचे अंशस्वर (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर) वेळेनुसार उजळत जातात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी दाखवलं होतं की साध्या तारेचा एक जुना नियम, म्हणजे तार जिथे छेडाल तिथे ज्या अंशस्वराचा स्थिर बिंदू असेल तो अंशस्वर उमटत नाही हा, तंबोरा आणि वीणा पाळत नाहीत. ज्या वाद्याने असा नियम मोडला ते चार ओळींच्या कोडमध्ये कसं येईल? तो स्वतंत्र अभ्यास आहे, आणि फार सुंदर आहे. पण अभंगाच्या वाटेत तो आणू नका.

आता पाऊस. इथे माझं मत अगदी पक्कं आहे: हे सिक्वेन्सरमध्ये करू नका.

साधा हिशोब करा. सेकंदाला ३० थेंब आणि चार मिनिटांचा तुकडा धरला तर ७,२०० थेंब होतात. सिक्वेन्सरमध्ये प्रत्येक थेंब ही एक वेगळी नोंद, ती कुणीतरी ठेवावी लागते. तुम्ही कॉपी करत सुटाल, आणि कॉपी केलेला पाऊस कान लगेच ओळखतो. आणि खरं तर तुम्हाला एकही थेंब ठेवायचा नाहीये. तुम्हाला ठरवायची आहे ती दाटी, आणि ती कशी बदलते ते. म्हणजे नियम. नियम जिथे लिहिता येतो ते कोडच. ग्रीक संगीतकार यानिस झेनाकिस हे मूळचे अभियंते. त्यांनी आपल्या लेखनात उदाहरण दिलं होतं ते कठीण पृष्ठभागावर आदळणाऱ्या गारांचं आणि पावसाचंच. एकेक आघात सुटा, पण त्या हजारोंचा मिळून एक नवा आवाज होतो, आणि त्याचे नियम संभाव्यतेचे असतात. १९५५-५६ मध्ये त्यांनी त्या विचारावर वाद्यवृंदासाठी रचना केली आणि ४६ तंतुवाद्यांना प्रत्येकी वेगळं काम लिहून दिलं. मोजणं सुटतं आणि सगळा मिळून एकच आवाज होतो, असं तुम्ही लिहिलंय. पडवीत पडून तुम्ही त्याच जागी पोचला होता. म्हणूनच मला वाटतं की हा तुकडा तुम्ही करायलाच हवा.

कसा करायचा त्याची वाट दाखवते, म्हणजे सुपरकोलायडर उघडून पुन्हा ‘पीऽऽ’वर अडकणार नाही. पुढच्या वेळी घरी गेलात की पत्रा नखाने, पेन्सिलीने, थोड्या उंचीवरून टाकलेल्या पाण्याच्या थेंबाने वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करा: उतारावर, मध्यावर, खिळ्याजवळ, कडेला. प्रत्येक जागेचे पाच-सहा आघात पुरेत. ते ऑडॅसिटी या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून स्पेक्ट्रमचा, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती जोर आहे त्याचा, आलेख काढा. त्यात काही टोकं वर आलेली दिसतील. पत्र्याचे हे स्वर तारेसारखे पूर्णांकी पटीत नसतात, वाकडेतिकडे असतात, आणि त्यावरूनच कानाला पत्रा कळतो. प्रत्येक जागेची आठ-दहा टोकं लिहून घ्या. सुपरकोलायडरमध्ये ‘क्लँक’ नावाचा घटक आहे, त्याला वारंवारतांची यादी, प्रत्येकीचा जोर आणि ती किती वेळ घुमत राहते ते द्यायचं. वर एक क्षणिक टिचकी दिली की तो त्या यादीच्या स्वभावाने वाजतो. खिळ्याजवळ पत्रा दाबलेला असतो, तिथे घुमण्याचा वेळ कमी ठेवा. अशा चार जागा केल्या की तुमचा पत्रा तयार. टिचक्या देण्यासाठी ‘डस्ट’ आहे. सेकंदाला सरासरी किती हव्यात तेवढं सांगायचं, त्या यदृच्छेने, म्हणजे कुठल्याही ठरलेल्या क्रमाविना, येतात. दाटी दोनवरून साठवर न्या आणि ऐका. हे एका संध्याकाळचं काम आहे, आणि त्या संध्याकाळी तुम्हाला जेवणाची आठवण राहणार नाही.

खरं नाजूक काम पुढे आहे: पावसाचा ठेका होणं. इथे ‘डस्ट’ सोडावा लागेल, कारण त्याचा प्रत्येक थेंब आपल्या हातात नसतो. एकेक आवर्तन आधी तयार करा. आठ मात्रा, समजा चार सेकंदांच्या. त्यात थेंबांच्या वेळा यदृच्छेने काढा. प्रत्येक थेंबासाठी ठेक्यातला जवळचा आघात कोणता ते पाहा. मग ० ते १ मधला एक आकडा घ्या, त्याला ओढ म्हणू. ओढ ० असेल तर थेंब आपल्या जागी, १ असेल तर थेट आघातावर, मधली असेल तर त्या प्रमाणात सरकलेला. दर आवर्तनाला ओढ किंचित वाढवत न्या. एवढंच गणित आहे, आणि पायथन येणाऱ्या माणसाला ते दहा ओळींचं आहे. सिक्वेन्सरमध्येही क्वान्टाइझ (नोंद जवळच्या मात्रेवर सरकवणं) किती टक्के करायचं ते ठरवता येतं, पण ते निवडलेल्या नोंदींवर एकदा करायचं काम आहे. प्रत्येक आवर्तनाला नवा पाऊस आणि नवी ओढ असं तिथे हातानेच करावं लागेल.

फक्त वेळ ओढून भागणार नाही. ठेका हा जोर आणि जागेवरही उभा असतो. समेवरचा थेंब थोडा जड हवा, आणि तो बहुतेक वेळा पत्र्याच्या मध्यावर पडायला हवा, जिथे आवाज भरदार आहे. खिळ्याजवळचे थेंब चाटीसारखे, म्हणजे तबल्याच्या काठावरच्या बोलासारखे, वापरा. जोर आणि जागा यांची ओढ वेळेच्या ओढीच्या थोडी आधी सुरू करून बघा. मला वाटतं तुम्हाला हवं असलेलं ‘कुठे बदललं ते न कळता’ याच क्रमात आहे, कारण कान ठेका ओळखायला लागतो तो आघात नेमके जुळायच्या आधीपासून. आणि ओढ पूर्ण १ वर नेऊच नका. तिथे पाऊस संपतो आणि यंत्र उरतं. कुठे थांबायचं ते मंडळातल्या मृदंग वाजवणाऱ्याला ऐकवून ठरवा. न सांगता ऐकवा, आणि त्याची बोटं मांडीवर कधी हलायला लागतात ते बघा.

सीसाउंड का नाही? वाईट म्हणून मुळीच नाही. दशकांपूर्वी लिहिलेल्या त्याच्या फायली आजही चालतात, इतकं जुनं सांभाळणारं दुसरं काही मी पाहिलं नाही, आणि ज्याला रचना आधी कागदावर पूर्ण लिहायची सवय आहे त्याने तेच घ्यावं. पण तुमच्या पावसात नियम चालू असताना बदलत राहणार, तुम्ही ऐकत ऐकत आकडे फिरवणार, आणि जेम्स मॅकार्टनी यांनी १९९६ साली आणलेल्या सुपरकोलायडरची घडण त्यालाच सोयीची आहे. तो फुकट आहे, मुक्त आहे. त्याची भाषा पायथनसारखी दिसत नाही आणि चूक झाली की तो जे सांगतो ते पहिले काही आठवडे समजणार नाही, हेही आधीच सांगून ठेवते. फारच अडलात तर महिनाभर सॉनिक पाय या कोडने संगीत करायच्या सोप्या सॉफ्टवेअरवर जा. तो शाळेतल्या मुलांसाठी लिहिला गेला असला तरी त्याचा आवाजाचा गाभा सुपरकोलायडरचाच आहे.

एक काळजी मात्र न चुकता घ्या. कोडमध्ये एखादा शून्य जास्त पडला किंवा फिल्टर बिथरला तर कानठळ्या बसवणारा आवाज क्षणात येतो, आणि कानाला झालेली इजा भरून निघत नाही. प्रत्येक वेळी आवाज शेवटी ‘लिमिटर’मधून, म्हणजे तो ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ न देणाऱ्या घटकातून, न्या, नवीन कोड पहिल्यांदा चालवताना हेडफोन कानावर नको, टेबलावर ठेवा. तुम्ही गाणाऱ्या आहात, कान जपा.

आणि दुसरी काळजी, खास प्रोग्रामरांसाठी. तुम्हाला कोड नीटनेटका करायची सवय असेल. ती इथे घातक आहे. दिवसभर ऑफिसात तेच केल्यावर संध्याकाळीही हात त्याच वळणाने जातात: फंक्शनं वेगळी काढली, नावं सुधारली, आणि दहा वाजले तरी एक आवाज निघालेला नसतो. मी असे हुशार लोक पाहिलेत ज्यांच्याकडे सुंदर लिहिलेली स्वतःची लायब्ररी आहे आणि एकही पूर्ण तुकडा नाही. म्हणून नियम करा: बसलात की उठण्याआधी एक मिनिट तरी रेकॉर्ड करायचं, कसंही असो. सुपरकोलायडरमध्येच रेकॉर्डिंगची सोय आहे. त्या फायली तारखेने एका फोल्डरमध्ये ठेवा आणि रविवारी सकाळी त्या रीपरमध्ये टाकून ऐका. शेवटचा तुकडाही रीपरमध्येच बांधा: सुरुवात कुठे, शेवट कुठे, मध्ये पडवीतल्या घरगुती आवाजांचं रेकॉर्डिंग घालायचं का, हे सगळं तिथे ऐकून ठरवणं सोपं जातं. अभंगासाठी शिकलेला रीपर तेव्हा हाताशी असेल, हेही अभंग आधी करण्याचं एक कारण.

लॅपटॉप बदलू नका, या दोन्ही कामांना तो पुरतो. पैसे घालायचेच तर माइक, इंटरफेस आणि बंद कपांचे चांगले हेडफोन, या क्रमाने.

कोर्स घेऊ नका. असे कोर्स बहुतेक वेळा सॉफ्टवेअरची सगळी बटणं क्रमाने शिकवतात, आणि तुम्हाला त्यातली विसेक लागणार आहेत. रीपरच्या संकेतस्थळावर शिकवणारे व्हिडिओ फुकट आहेत. सुपरकोलायडरसाठी एली फील्डस्टील या इलिनॉय विद्यापीठातल्या प्राध्यापकांची व्हिडिओमाला यूट्यूबवर आहे, तीही फुकट, आणि माझ्या पाहण्यात तिच्याइतकं संथ आणि स्वच्छ कुणी शिकवलेलं नाही. सुरुवातीचे चार-पाच भाग पाहा आणि लगेच पत्र्याला हात घाला. पुढचे भाग अडेल तेव्हा, अडलेल्या जागेपुरते.